पन्नासाच्या अलीकडे

काट्यावरचे लाल आकडे क्षणभर लटपटले, एकोणपन्नासच्या पुढच्या दशांशांत घुटमळले आणि मग, कोणाची परवानगी न घेता, पन्नासावर जाऊन स्वस्थ बसले. गोंदियाच्या बाजारातल्या मुन्नालाल सेठच्या ठोक किराणा दुकानात, साखरेच्या आणि पोह्यांच्या पोत्यांमधून वाट काढत, जेवणानंतर त्या काट्यावर उभे राहण्याचा वीरेंद्रचा परिपाठ जुना होता; पण बंद दाराला जाता-येता हात लावून पाहणाऱ्या माणसाचा तो परिपाठ होता, आणि आज दार उघडले. दुसऱ्याच्या पोत्यातली मूठभर डाळ उचलताना सापडावे तसा तो खाली उतरला. मग त्याने युक्तिवाद सुरू केला. पायांत चपला होत्या. खिशात मोबाइल होता, किल्ल्या होत्या. वरण-भात नुकताच पोटात गेला होता, आणि पचेपर्यंत अन्न माणसाचे मानावे की ताटाचे, हा प्रश्न त्याच्या मते अजून निकालात निघालेला नव्हता. चपला काढून, खिसे रिकामे करून तो पुन्हा चढला. काटा पन्नासच म्हणाला. तेवढ्यात गादीवरून सेठचा आवाज आला, "क्या रे वीरेंदर, पूरा कट्टा हो गया तू." त्या दुकानात कट्टा म्हणजे पन्नास किलोचे पोते, माणसाला देण्याजोगी याहून मोठी पदवी सेठजवळ नव्हती. हमाल हसले. वीरेंद्रही हसला, आणि हसता हसता त्याने काट्याकडे पाठ केली. कारण पन्नास हा इतरांच्या लेखी आकडा होता, त्याच्या लेखी तो नवस होता.

नवस बोलली होती त्याची आई, सुलोचनाबाई, आणि तिला तो बोलायला लावले होते नागपूरच्या एका डॉक्टरच्या सैलसर वाक्याने. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या त्यांच्या खेड्यात लहानपणीचा वीरेंद्र दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. तो वाटेल तेवढे खाई आणि तरीही त्याच्या बरगड्या लांबून मोजता येत; आणि गोठ्यातल्या शेळ्या बाकीच्या पोरांना सोडून त्यालाच चाटायला धावत. त्याचा न थांबणारा खोकला क्षयाचा ठरला. क्षयाची औषधे एकदा झाली, पुन्हा झाली, खोकला जागच्या जागी राहिला. शेळ्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे नागपुरात पोराच्या घामाची तपासणी करायची असे कळले, तेव्हा बरोबर आलेला बकाराम मामा दवाखान्याच्या व्हरांड्यात मोकळेपणाने हसला होता. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अख्खे गाव जे शेतातल्या बांधीत गाळते ते येथे बाटलीत धरतात, हे त्याच्या बुद्धीला पटेना. घामात नको तितके मीठ निघाले आणि मिठाच्या पाठोपाठ सिस्टिक फायब्रोसिस हे नाव निघाले. गावाने ते नाव उच्चारण्याचा एकदा प्रामाणिक प्रयत्न केला आणि मग त्याला मिठाची बिमारी म्हणून टाकले. शेळ्यांचे निदान बरोबर ठरले होते. डॉक्टरने समजावून सांगितले: याच्या पोटात अन्न पचवणारा रस पोचतच नाही, म्हणून दर खाण्याबरोबर या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ यंत्रातून मिठाच्या पाण्याचे धुके छातीत, पाठ थोपटून कफ मोकळा करणे, आणि हे सारे जन्मभर, खाडा न करता. "बरे वाटते म्हणून थांबायचे नाही," तो म्हणाला, "बरे वाटते ते यामुळेच वाटते." आणि उठता उठता त्याने आणखी एक वाक्य टाकले, "मोठेपणी हा पन्नास किलोचा झाला तर मला येऊन सांगा. त्या दिवशी मी निर्धास्त होईन." डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळला आणि बहुधा ते विसरलाही. सुलोचनाबाईने मात्र ते वाक्य पदराच्या गाठीत बांधून थेट प्रतापगडाच्या महादेवापुढे नेले: बाबू पन्नास किलोचा झाला की शिवरात्रीच्या जत्रेत त्याला तराजूत बसवीन, पन्नास किलो गूळ दुसऱ्या पारड्यात घालीन, तो गूळ जत्रेला वाटीन, आणि तोवर गोड म्हणून तोंडाला लावणार नाही.

या शेवटच्या कलमाचे सामर्थ्य कळायला सुलोचनाबाईला ओळखणे आवश्यक होते. लग्नाला जाऊन आल्यावर नवरी कशी होती हे सांगण्याआधी जिलेबी कशी होती हे सांगणारी ती बाई. तिने बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली, आणि तो पिताना तिचा चेहरा असा होई की यजमानीण दर वेळी दूध नासले की काय म्हणून पातेल्यात डोकावून पाही. वीरेंद्र दहावी झाला तेव्हा पेढे गावभर गेले, तिने वाटले आणि बोटे पदराला पुसली. त्याला गोंदियात नोकरी लागली तेव्हाही तसेच. वजन मात्र चाळिशीच्या आतबाहेर रेंगाळत राहिले, आणि त्या रेंगाळण्यात वीरेंद्रला एक प्रकारचे अभय होते, हे त्याला आज, काट्यावरून उतरल्यानंतर, पहिल्यांदा उमगले. खेड्यात असताना औषधे आईची होती: तीच कॅप्सूल उघडून आतले राजगिऱ्यासारखे दाणे मधात कालवून चमच्याने त्याच्या तोंडात घाली, तीच पाठ थोपटी. गोंदियाला जमुनाबाईंच्या माडीवर खोली घेतल्यावर औषधे त्याची झाली. आणि स्वतःचे राज्य चालवणाऱ्या माणसाच्या अभिमानाने त्याने ती इतक्या काटेकोरपणे घेतली की त्या काटेकोरपणानेच अखेर त्याचा घात केला. तो बरा होत चालला होता. आणि बरे होण्याची शिक्षा तराजू होती.

तराजूतली अशी तुला त्याने एकदाच पाहिली होती, लहानपणी, त्याच जत्रेत. कोणा व्यापाऱ्याचे गुटगुटीत पोर झेंडूच्या माळा घालून पारड्यात बसले होते आणि केळी खात होते. ते दृश्य पाहणाऱ्यांना गोड वाटले असेल. पण सव्वीस वर्षांचा, मिशी राखलेला, दुकानातली बिले संगणकावर करणारा इसम त्या जागी बसवून पाहिला की चित्राचा सगळा गोडवा निथळून जाई. वीरेंद्र ते चित्र पाहू लागला आणि मग त्याला ते पाहण्याचे व्यसनच जडले. हिशेबाच्या पडद्यापुढे बसल्या बसल्या त्याला दिसे: आपण पारड्यात मांडी घालून बसलो आहोत; मांडी नीट बसत नाही म्हणून एक पाय बाहेर लोंबतो आहे; कपाळावर गुलाल आहे; बकाराम मामा हातभर लांब आवाजात ओरडतो आहे; आणि सगळे चुलत-मावस भाऊ मोबाइल वर धरून उभे आहेत. आपण देवाच्या विरुद्ध नाही, असे तो स्वतःला बजावी. आपला विरोध फक्त तराजूला आहे. देवाला वजन ठाऊक नसते काय? ठाऊक असेल तर मोजायचे कशाला, आणि ठाऊक नसेल तर तो देव कसा? या मुद्द्यावर तो स्वतःशीच तासन्‌तास वाद घाली आणि जिंके. पण जिंकल्यावरही तळाशी एक खडा टोचत राही, आणि तो खडा लाजेचा नव्हता. नवस फिटला म्हणजे महादेवाचे काम संपले. काम संपलेला माणूस घरी जातो. देवही जात असेल. मग इतकी वर्षे, दूर प्रतापगडावरून का होईना, जो कोणी आपल्या छातीकडे लक्ष देऊन बसला होता, तो उठून गेल्यावर काय? हा विचार इतका बालिश होता की वीरेंद्रने त्याला वादात उतरूच दिले नाही. आणि न उतरलेला वादी हरत नसतो, म्हणून तो विचार तसाच राहिला.

त्याने औषध सोडले, असे कोणी म्हणाले असते तर त्याने ते तत्काळ खोडून काढले असते. त्याने औषध सोडले नाही. त्याने खाड्याला परवानगी दिली. पहिला खाडा समोशाचा होता. जेवणाबरोबर कॅप्सूल, हा नियम त्याला मान्यच होता. पण चारच्या चहाबरोबरचा समोसा हे जेवण नव्हे, ही व्याख्या त्याने त्या दिवशी केली. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची भाकर ही दुपारच्या जेवणाचेच शेपूट आहे असे ठरले. पुढे पुढे व्याख्यांचीही गरज उरली नाही. एका खाड्याने दुसऱ्याला आत घेतले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि धुक्याचे यंत्र, ज्याचा या भांडणाशी काहीच संबंध नव्हता, तेही कोपऱ्यात जाऊन बसले. नागपूरहून दर महिन्याला औषधांचे पार्सल येई, ते तो शिस्तीने फोडी, डब्या आणि मिठाच्या पाण्याच्या कुप्या यंत्राच्या निळ्या बॅगेत रचून ठेवी, आणि चेन लावी. बॅग भरत गेली. तो रिकामा होत गेला. या रिकामे होण्यालाही एक ध्वनी होता, तो पोटात सुरू होई, आणि त्याला एक वासही होता, तो जमुनाबाईंच्या अंगणातल्या एकुलत्या संडासापासून थेट त्यांच्या तुळशीपर्यंत पोचे. जमुनाबाई पूजा अर्धी टाकून उभ्या राहत. एकदा त्यांनी जिन्याखाली त्याला गाठलेच.

"भैया, बुरा मत मानना, तुम खाते क्या हो?"

"सादाच जेवण आहे, काकी."

"सादा ऐसा है, तो पकवान के दिन मैं मायके चली जाऊँगी."

काटा मात्र प्रसन्न होता. पन्नास गेले, एकोणपन्नास आले, मग अठ्ठेचाळीस. दर उतरत्या आकड्याबरोबर वीरेंद्रला कैदेतून सुटल्याचा आनंद होई, आणि त्या आनंदात तो जिना चढताना मध्यावर थांबे, कठड्याला धरी, आणि हा दम लागण्याचा नव्हे तर विचार करण्याचा थांबा आहे असे भासवून वर पाही. खोकला परत आला, पहिल्यांदा पहाटे, मग कधीही. संध्याकाळी आईचा फोन येई तेव्हा तो मोबाइल तोंडापासून दूर धरून खोके, आणि दुकानातला एखादा हमाल खोकतो आहे असा समज करून देण्यासाठी, "अरे भाऊ, बाहेर जा न," असेही कोणाला तरी म्हणे.

"गोळ्या खाऊन राहिला न बाबू?" सुलोचनाबाई विचारी.

"खाऊन राहिलो, माय."

"मंग आवाज कायले असा? घागरीत बोलल्यावानी."

"मिरचीचे पोते आले न दुकानात."

"मिरची तिकडे ठेवाले सांग त्या सेठले. वजन केलं का?"

"काटा बिघडला हाय."

काटा बिघडला आहे हे उत्तर त्याने इतके दिवस दिले की अखेर सुलोचनाबाईला काट्याचीच काळजी वाटू लागली. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी तो फोन उचलेना, कारण त्या वेळी तो गोदामामागे वाकून खोकत होता. तिने सेठच्या दुकानाचा फोन लावला. मुलाची चौकशी केली आणि तिच्या स्वभावाप्रमाणे बिघडलेल्या काट्याचीही केली. मुन्नालाल सेठला आपल्या काट्याची निंदा सहन होण्यासारखी नव्हती. "हमारा काँटा? भाभीजी, हमारा काँटा सोना तौल दे. आपका लड़का तो दिवाली में ही पचास पार हो गया था, हमने अपनी आँख से देखा."  सेठ दोनदा हॅलो म्हणाला. मग पलीकडून फक्त एक बारीक आवाज आला, त्याचे वर्णन सेठने पुढे वीरेंद्रला असे केले की, चहा फार दिवसांनी गोड लागल्यावर माणूस करतो तसा.

त्या रात्रीपर्यंत गावाला कळले होते. वडील, जे कधी फोनवर बोलत नसत, ते बोलले. "आईकलं," एवढेच म्हणाले आणि फोन परत दिला. बकाराम मामाने राईस मिलमधला जुना लोखंडी तराजू सांगून ठेवला. शिवरात्र महिन्यावर आली होती. आणि वीरेंद्र, ज्याने इतकी बुद्धी खर्चून स्वतःला पन्नासाच्या अलीकडे आणून ठेवले होते, तो आता पन्नासाच्या पलीकडे जाण्यासाठी धडपडू लागला. खाली उतरताना काटा मित्र होता, वर चढताना ओळख देईना. त्याने कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या, त्याही अपराध्याच्या घाईने, कधी जेवणाच्या आधी, कधी आठवण होईल तेव्हा, जेवण होऊन गेल्यावर. केळी खाल्ली, तूप ओतले, आणि रात्री उजव्या कुशीवर झोपला की छातीत कोणीतरी ओल्या पोत्यावरून चालत असल्यासारखा आवाज ऐकत पडून राहिला. गेलेले वजन हे गेलेल्या पाहुण्यासारखे असते. बोलावल्याबरोबर येत नाही, आधी गाऱ्हाणे सांगते. काटा सत्तेचाळीसवर खिळला होता. सेठने नवसासाठी गुळाच्या पाच भेल्या, म्हणजे ढेपा, आपल्याकडून दिल्या. त्या तोलण्याचे काम अर्थात वीरेंद्रकडेच आले. भेल्या दहा-दहा किलोच्या होत्या. कोपऱ्यातून थोडा गूळ तासावा आणि देव, आई, तराजू या तिघांनाही एकाच सुरीने शांत करावे, हा विचार त्याच्या हातापर्यंत आला. पण मापात खोट करायला हात धजेना. पन्नास म्हणजे पन्नास, असे स्वतःशी पुटपुटत त्याने आपल्या फजितीचे अचूक माप काढून पोत्यात बांधले.

जत्रेला जाताना मामाच्या गाडीत यंत्राची निळी बॅगही होती, कारण मुक्काम होता आणि सुलोचनाबाईने ती आठवणीने मागितली होती. कोहमाऱ्याला ढाब्यावर गाडी थांबली. सगळ्यांनी चहा घेतला, तिने बिनसाखरेचा घेतला, तो नेहमीचा चेहरा केला आणि म्हणाली, "हा शेवटचा." तिच्या आवाजात वीरेंद्रला ऐकू आले ते इतक्या वर्षांचे उपोषण नव्हे, तर उद्या संपणार म्हणून आजच लागलेली भूक, आणि तेव्हा सांगून टाकावे असे त्याला प्रकर्षाने वाटले. त्याने तोंड उघडले. खोकला आला. तो इतका वेळ चालला की ढाब्यावरच्या पोऱ्याने न मागता पाणी आणून ठेवले. सुलोचनाबाई त्याच्याकडे पाहत राहिली.  मग तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

प्रतापगडाच्या पायथ्याशी गर्दी होती. काही लोक महादेवाकडे चढत होते, काही दर्ग्याकडे, काही नुसतेच भज्यांकडे. पळसाच्या एका जाड फांदीला तराजू टांगला होता. चित्रात पाहिले होते ते सारे हजर होते: झेंडू, गुलाल, वर धरलेले मोबाइल. चित्रात एकच गोष्ट चुकली होती. एका पारड्यात पाच भेल्या रचल्या गेल्या, दुसऱ्यात वीरेंद्र बसला, मामाने दांडी सोडली; आणि गूळ शांतपणे जमिनीवर बसला, वीरेंद्र वर गेला. त्याचे पाय हवेत लोंबू लागले. फांदीच्या फुलांना त्याचे डोके लागले. सबंध गोतावळा मान वर करून त्याच्याकडे पाहत होता, जणू तो भाषण करणार होता.

"काऊन गा भाच्या," बकाराम मामा खालून म्हणाला, "पन्नास म्हणे न सेठ? का गोंदियाचा किलोच लहान राह्यते?"

लोक हसले. मामाने बहिणीकडे पाहिले. "बाई, एक कोना तोडून घेतो गुळाचा. कोण पाहून राहिलं?"

"ज्याले पाहाचं हाय तो पाहून राहिला," सुलोचनाबाई म्हणाली. "कोना नको तोडू, दादा." ती वीरेंद्रच्या पारड्याखाली आली. तिचा चेहरा त्याच्या गुडघ्यांच्या पातळीला होता. हलक्या आवाजात, फक्त त्यालाच ऐकू जाईल असे, तिने विचारले, "झाला होता का पन्नास?"

"झालतो, माय."

"मंग?"

इतक्या दिवसांत रचलेले सर्व युक्तिवाद त्याच्याजवळ होते. पारड्यात बसून, जमिनीपासून तुटलेला, त्याने त्यांतला एक निवडून पाहिला, आणि त्याला असे आढळले की हवेत लोंबणाऱ्या माणसाच्या तोंडी कोणताच युक्तिवाद शोभत नाही. "इथं बसाची लाज वाटे," तो म्हणाला. मग त्याने दुसरेही सांगितले, कारण वर गेलेल्या माणसाला लपायला जागा नसते. "अन्‌ नवस फिटला का मंग देव पाह्यते का नाही, म्हून."

सुलोचनाबाई वळली. ती गाडीकडे गेली, निळी बॅग घेऊन आली आणि ती उचलताना मध्येच थांबली. तिने बॅग जराशी हलवली. आत न फोडलेल्या डब्यांमधल्या कॅप्सूल, डाळीचा दाणा न दाणा ओळखणाऱ्या माणसाला ऐकू जाव्यात तशा, खुळखुळल्या. रिकाम्या डब्या अशा वाजत नाहीत, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? वीरेंद्रने डोळे मिटले. छातीत तो ओला आवाज झाला. मग मांडीवर काहीतरी जड येऊन आदळले, आणि फांदी कुरकुरली, आणि तो हळूहळू, एखाद्या मोठ्या माणसाला हाताला धरून उतरवावे तसा, खाली येऊ लागला. यंत्र, कुप्या, भरलेल्या डब्या आणि तो, असे सगळे मिळून गुळाच्या बरोबरीला येऊन थांबले.

"हे चालते का वं?" मामाने विचारले.

"चालते. तेबी त्याचंच अंग हाय," ती म्हणाली. मग दांडीचा काटा मध्यावर स्थिर झालेला तिने निरखून पाहिला आणि मुलाकडे वळली. "आता आईक. देव कुठं जात नाही. त्याले मी पुढच्या सालचं सांगून ठेवलं: हा पन्नास, पण बॅगेबिगर."

"म्हणजे पुन्हा बसाचं?"

"बसशील. नाही त मी बसतो तुझ्या जागी, मंग जत्राभराचा गूळ लागन."

या वेळी वीरेंद्रलाही हसू आले, आणि हसण्यातून खोकला, आणि खोकल्यात तराजू हलला तशी जत्राही हसली. तो उतरला. उपासाचा फराळ म्हणून कोणीतरी शेंगदाणे पुढे केले. मामाने पहिल्या भेलीचा खडा फोडून बहिणीच्या हातावर ठेवला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले. तिने खडा ओठांपर्यंत नेला आणि त्याचा वास घेतला. मग खडा तसाच बोटांत धरून तिने दुसऱ्या हाताने बॅगेची चेन उघडली, एक डबी काढली, तिचे झाकण दातांनी फोडले आणि एक कॅप्सूल त्याच्यापुढे धरली.

"दाणे खाचे हाय न तुले? पयले हे."

"तू खा न आधी, माय. इतके साल झाले."

"म्या इतके साल थांबलो, अजून एक घोट थांबतो," ती म्हणाली. "पाणी घे. अन्‌ तोंड उघडून दाखव, गिळली का."

त्याने पाणी घेतले, कॅप्सूल गिळली आणि सव्वीस वर्षांच्या, मिशीच्या, बिले करणाऱ्या माणसाने सबंध जत्रेसमोर आ वासून दाखवला. तिने आत नीट डोकावून पाहिले, डाव्या गालाकडे, उजव्या गालाकडे. मगच गुळाचा खडा तोंडात टाकला.